जळगाव-भुसावळसाठी मोनोरेल की लाइट रेल? सविस्तर चर्चा करूया

गिरणाकाठ (धागाकर्ता, जळगाव)

मुंबईची मोनोरेल २० सप्टेंबर २०२५ पासून सुधारणांसाठी थांबवली गेली. त्याच्या महिनाभर आधी, १९ ऑगस्टच्या पावसात, एक गाडी म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्कच्या मध्ये अडकली होती. पाचशेहून जास्त माणसं अग्निशमन दलाने शिड्या लावून खाली उतरवली. आपल्याकडे मात्र "जळगावला मोनो पाहिजे" ही मागणी दर थोड्या दिवसांनी कुणीतरी करतंच. मोठ्या शहरात जे दिसतं ते आपल्याकडेही हवं, यात गैर काही नाही. पण जे मागायचं ते नीट पारखून मागावं, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. आपल्या भागाला जमिनीवरून, स्वतःच्या राखीव पट्ट्यातून जाणारी लाइट रेल, म्हणजे ट्रामसारखी हलकी रेल्वे, योग्य आहे; मोनो, म्हणजे खांबांवरच्या एकाच तुळईवर धावणारी गाडी, नाही. मार्गही सरळ दिसतो: बांभोरीजवळचं विद्यापीठ, गिरणेचा पूल, खोटेनगर, आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली, एमआयडीसी, पुढे नशिराबाद आणि भुसावळ. शहराच्या पोटातून जाणारा हा जुना राष्ट्रीय महामार्ग. इथे किती जीव गेले ते जळगावकराला वेगळं सांगायला नको. समांतर रस्त्यांसाठी लोक उगाच वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरले नव्हते. जड वाहनं बाह्यवळणाने जाऊ लागली की या रस्त्याचं काय करायचं, हा प्रश्न आपल्यापुढे आहे. मोकळी होणारी जागा पुन्हा गाड्यांनाच द्यायची, की तिचा काही भाग कायमचा सार्वजनिक वाहतुकीला द्यायचा?

२०११च्या जनगणनेत जळगाव शहर ४ लाख ६० हजारांचं होतं, भुसावळ १ लाख ८७ हजारांचं. मधलं अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. दोन्ही गावं एकमेकांवर जगतात, रोज हजारो लोक अपडाऊन करतात. दोन्ही मिळून एक शहर आहे असं धरूनच विचार व्हायला हवा, असं मला वाटतं.

चेंबूर_ते_चाळीसगाव

गिरणाकाठ भाऊ, धागा चांगला काढला, पण मोनोला आधीच फाशी दिलीत. मी नोकरीनिमित्त चेंबूरला राहतो, घर चाळीसगावचं. मोनोने पुष्कळ फिरलोय. तिचे दोष मला माहीत आहेत, म्हणूनच सांगतो की सगळे दोष मोनो या तंत्राचे नाहीत.

मुंबईत चेंबूर-वडाळा टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला आणि पुढचा संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा मार्च २०१९ मध्ये. पाच वर्षं गाडी अर्ध्या रस्त्यातच थांबत होती, मग माणसं कशी येणार? मधे नोव्हेंबर २०१७ मध्ये डब्यांना आग लागली आणि सेवा सप्टेंबर २०१८ पर्यंत बंद राहिली. त्यात मलेशियाच्या स्कोमी कंपनीचे डबे, आणि सुटे भाग वेळेवर मिळेनात. या साऱ्यात मार्ग कुठून न्यावा, गाड्या किती असाव्यात, देखभाल कोणी करावी, हेच प्रश्न होते.

उलट चीनमधलं चोंगकिंग बघा. डोंगरउतारावरचं, नद्यांनी कापलेलं शहर. तिथली मोनो २००५ पासून चालते आहे, आणि तिसरा मार्ग पासष्ट किलोमीटरहून लांब आहे. तोक्योची हानेदा विमानतळाची मोनो १९६४ पासून धावते. म्हणजे तंत्र चालतं.

आता आपल्याकडचं. टॉवर चौक, फुले मार्केट, नवी पेठ, दाणा बाजार. इथे जमिनीवर रूळ टाकायला जागा कुठून आणणार? हातगाड्या, रिक्षा, लोडिंगची वाहनं, सगळं त्याच रस्त्यावर. मोनोला फक्त खांबापुरती जागा लागते. वर तुळई अरुंद असते, मेट्रोच्या पुलासारखी अख्खं छत घातल्यासारखी सावली पडत नाही. वळणंही ती घट्ट घेते.

लोकोशेड (भुसावळ)

रेल्वेत आयुष्य गेलं, म्हणून थोडं तांत्रिक लिहितो.

चेंबूर भाऊंचं म्हणणं खरं आहे की मोनो चालू शकते. पण तिची खरी अडचण सांध्यावर, म्हणजे गाडी मार्ग बदलते तिथे, असते. साध्या रुळाचा सांधा म्हणजे दोन जिभा काही सेंटिमीटर सरकवायच्या. मोनोत गाडी तुळईला दोन्ही बाजूंनी कवटाळून बसलेली असते, त्यामुळे मार्ग बदलायचा तर काँक्रीटच्या जागी पोलादी तुळईचा अख्खा तुकडा हलवावा लागतो. यंत्रणा जड, वेळ जास्त, देखभाल महाग. म्हणून मोनोचं जाळं वाढवताना दर फाट्याला माणूस दहा वेळा विचार करतो. लाइट रेलला उद्या एमआयडीसीतून फाटा काढायचा ठरला तर रूळ वळवा आणि जोडा.

दुसरं, डबे. लोखंडी चाक आणि दोन रुळांत १४३५ मिलिमीटर अंतर, हे जगभर बहुतेक ठिकाणी एकसारखं आहे. एका कंपनीने पाठ फिरवली तर दुसरीकडून डबे घेता येतात. मोनोत तुळईची रुंदी-उंची ज्याची त्याची वेगळी. एकदा तुळई ओतली की गाडीही त्याच मापाची हवी. मुंबईत हेच झालं. आता हैदराबादच्या मेधा कंपनीकडून नवे डबे बनवून घेतले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तेही त्या एकाच तुळईच्या मापाचे.

तिसरं, अडकलेली गाडी. १९ ऑगस्टला गाडीवर १०९ टनांपर्यंत भार गेला होता, क्षमता १०४ टनांची. भाराने गाडी दबली आणि वीज घेणाऱ्या भागाचा पट्टीशी संपर्क तुटला, असं एमएमआरडीए या मुंबईच्या विकास प्राधिकरणाने सांगितलं. वीज गेली की पंखे गेले, वातानुकूलन गेलं. तेही पावसाळ्यात! हेच मे महिन्यात भुसावळला दुपारी दोन वाजता, ४५ अंशांत, दारं बंद असलेल्या डब्यात झालं तर? जमिनीवरच्या गाडीतून दार उघडून खाली उतरता येतं. माझ्यासाठी वाद इथेच मिटतो.

चेंबूर_ते_चाळीसगाव

काका, साव पावलोच्या मोनोला दोन तुळयांच्या मध्ये संकटात चालायला पायवाट केली आहे. मुंबईत केली नाही. हा दोष मोनोचा की ती करून घेणाऱ्यांचा?

लोकोशेड

करून घेणाऱ्यांचा, मान्य. पण पायवाट घातली की खर्च वाढला, सावली वाढली, म्हणजे तुम्ही सांगितलेला कमी सावलीचा फायदा गेला.

अपडाऊनवाली

भुसावळहून जळगावला रोज रुग्णालयात ड्युटीला येते, म्हणून बोलते. तुम्हा सगळ्यांचं बोलणं गाडीवर चाललंय. बाईमाणसाचा दिवस गाडीच्या आधी सुरू होतो आणि नंतर संपतो.

रेल्वेने जळगाव-भुसावळ अर्ध्या तासाच्या आत होतं. त्यापेक्षा जलद तुमची लाइट रेल जाणार नाही, कारण ती मधे थांबत जाणार. मग आम्ही रेल्वे सोडून तिच्यात का बसावं? उत्तर आहे, पण ते कोणी लिहिलं नाही. स्टेशनवर उतरल्यावर पुढचं काय, हा आमचा रोजचा प्रश्न आहे. शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबायचं, रात्रपाळी असेल तर एकटीने रिक्षा करायची आणि तो म्हणेल ते भाडं द्यायचं. मला रुग्णालयाच्या दारापर्यंत, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भाड्यात नेणारं काहीतरी हवं आहे. थांबा उजेडात हवा. उन्हाळ्यात सावली हवी, नुसतं पत्र्याचं छप्पर नको, पत्रा तापतो.

आणि जिने. उंचावरच्या स्टेशनला लिफ्ट असते आणि ती बंद असते. गुडघे दुखणाऱ्या आजी, पोटुशी बाई, कुबड्यांवरचा पेशंट, हे सगळे माझ्या रोजच्या बघण्यातले लोक. फुटपाथच्या उंचीवरून सरळ डब्यात पाय टाकता आला पाहिजे. या एका कारणासाठी मी लाइट रेलच्या बाजूने. पण तिच्याआधी मला वेळेवर बस चालेल.

गिरणाकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या मूळ लेखात असायला हवा होता. मार्ग आखताना मी महामार्गच धरला, रुग्णालयं आणि कॉलेजं त्याच्यापासून किती आत आहेत हे बघायला हवं.

पांझराथडी (धुळे)

राम राम मंडळी. आमना धुयानं बी काही लिखा रे भो! बठ्ठासले देवपूरथून गावमा येनं पडस, पूल वलांडीसन. तठेच गर्दी व्हस.

आता प्रमाण मराठीत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून. धुळे जळगावपेक्षा लहान, २०११ला पावणेचार लाख. पण रस्त्यांच्या बाबतीत आम्ही नशीबवान. ब्रिटिश अमदानीच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्जने इथे पेठ वसवली, जुन्या गावातल्या गल्ल्या बऱ्याच सरळ आहेत. तरी आग्रा रोडवर आणि पाचकंदीलला संध्याकाळी पायी चालता येत नाही. मी लाइट रेलच्या बाजूचा, पण कोलकात्याचं उदाहरण विसरून चालणार नाही. तिथे १८७३ पासून ट्राम, १९०२ पासून विजेवर. आज काय राहिलं? सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने सांगितलं की वारसा म्हणून एस्प्लनेड-मैदान एवढाच मार्ग ठेवू. ट्रामला स्वतःचा पट्टा होता तिथून तो काढून घेतला, मोटारींच्या गर्दीत तिला सोडून दिलं, आणि मग म्हणायचं की ती हळू चालते.

आपल्याकडे रूळ टाकले आणि दुसऱ्या दिवशी त्यावर केळीची गाडी लावली, तर पुढे काय होणार? रुळावरची गाडी बाजूने काढता येत नाही. पट्टा कठड्याने वेगळा केलेला हवा आणि तो वेगळा राहील याची जबाबदारी कुणावर तरी लेखी हवी. नाहीतर चेंबूर भाऊंची मोनोच बरी, निदान तिच्या वाटेत कोणी गाडी लावणार नाही.

चेंबूर_ते_चाळीसगाव

धन्यवाद पांझराथडी भाऊ. हाच माझा मुद्दा होता.

बांभोरी_बॅच

विद्यापीठाच्या मार्गावरचा विद्यार्थी. सकाळी एसटी आणि रिक्षा, दोन्हीला लटकून जातो. जे लवकर होईल ते करा. नाशिकला मेट्रो निओ येणार म्हणून २०२१च्या अर्थसंकल्पात ऐकलं, २,०९२ कोटी आकडा होता. विजेच्या तारेवर चालणारी रबरी चाकांची जोडबस. नाशिकच्या मित्रांना आजही विचारतो, त्यांना काम जमिनीवर दिसलेलं नाही. नाशिकला मिळेना, तर जळगावला कधी?

हिशेबवही

पैशाचं बोलल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ नये.

केंद्राचं २०१७चं मेट्रो धोरण सांगतं की आधी शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा करा, सर्व पर्यायांची तुलना करा, समाजाला होणारा आर्थिक परतावा १४ टक्के दाखवा. लाइट रेलसाठी केंद्राने २०१९ मध्ये मेट्रोलाइट नावाने मानकं काढली. त्यात एका दिशेने तासाला पंधरा हजारांपर्यंत प्रवासी, ही वरची मर्यादा. खालचा टोकाचा आकडा दोन हजार. निओची मर्यादा आठ हजारांपर्यंत.

आता साधं गणित. एका बसमध्ये पासष्ट माणसं धरा. दर दोन मिनिटाला एक बस सोडली तर तासाला तीस बसा, म्हणजे साधारण दोन हजार माणसं. म्हणजे ज्या रस्त्यावर दर दोन मिनिटाला भरलेली बस धावते, तिथेच लाइट रेलचा विचार सुरू होतो. आज जळगावात असा एक तरी रस्ता आहे का? गर्दी आहे, पण ती शेकडो रिक्षांत आणि हजारो दुचाकींत विखुरलेली. तिची मोजणी कधी झालीच नाही, म्हणून प्रत्येक जण अंदाजाने भांडतो.

मुंबईच्या मोनोला वीस किलोमीटरसाठी अडीच-तीन हजार कोटी लागले. आपल्या महापालिकेची आर्थिक ओढाताण सगळ्यांना ठाऊक आहे. केरळने कोझिकोड आणि तिरुवनंतपुरमसाठी मोनो ठरवली होती, २०१४ मध्ये सोडून दिली आणि लाइट मेट्रोकडे वळले. तीही अजून झाली नाही. त्यामुळे "मोनो सोडली की लाइट रेल मिळाली" असं होत नाही.

गिरणाकाठ, तुमच्या बाजूचं एक उदाहरण मात्र देतो, कारण ते मला फार आवडतं. फ्रान्सचं बझांसाँ. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत, आपल्या भुसावळपेक्षा लहान. तिथे २०१४ मध्ये ट्राम सुरू झाली, साडेचौदा किलोमीटर. त्यांनी खर्च ठरवून कमी ठेवला: लहान गाड्या, साधे थांबे, शोभेला फाटा. आणि चालवायला पैसा कुठून? फ्रान्समध्ये ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या मालकांकडून पगारावर वाहतूक कर घेतात, तो त्याच शहराच्या वाहतुकीला जातो. लहान शहराला रूळ परवडतात ते या दरवर्षी येणाऱ्या पैशामुळे. आपल्याकडे बांधायला अनुदान मिळतं, चालवायला नाही. शहर बससेवा सुरू होतात आणि बंद पडतात त्या इथेच.

जामनेरकर

या चर्चेत पीजेची आठवण कुणालाच आली नाही? पाचोरा-जामनेर, अडीच फुटी रुळाची छोटी गाडी, ५६ किलोमीटर. २०२० साली टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. आता तिथे ब्रॉडगेज होऊन पुढे बोदवडकडे जोडणार आहेत. हळू होती, पण गावागावांतून जायची, भाडं गरिबाच्या खिशातलं. खान्देशाला छोट्या रुळाची सवय शंभर वर्षांची आहे, नवं काही नाही.

मला त्यातून एकच दिसतं. ती गाडी मुख्य मार्गाला पाचोऱ्याला येऊन थांबायची, पुढे जायचं तर उतरून बदलायचं. रुळाची रुंदी वेगळी असल्याने डबा पुढे जाऊच शकत नव्हता. आता लाइट रेलही १४३५च्या रुळावर आणि रेल्वे १६७६च्या. पुन्हा तेच बदलणं. लोकोशेड काका, यावर काही उपाय आहे का?

लोकोशेड

जर्मनीत कार्ल्सरूला १९९२ पासून शहरातली ट्राम सरळ रेल्वेच्या रुळावर चढते आणि ब्रेटेनपर्यंत जाते. प्रवासी उतरत नाही. तिथे दोन्हीकडे १४३५च आहे, म्हणून जमलं. आपल्याकडे करायचं तर शहरातला रूळही १६७६चा टाकावा लागेल. अशक्य नाही. रुंद रुळाला वळण मात्र जरा मोठं लागेल, आणि डबे खास बनवून घ्यावे लागतील. म्हणजे मी मोनोला जो दोष दिला, तोच थोडा इकडे येतो.

मी असतो तर वेगळं केलं असतं. जळगाव-भुसावळमध्ये रुळांची संख्या वाढली आहे, इगतपुरीला मेमू (जवळच्या अंतराची विजेवरची लोकल गाडी) जाते. या दोन गावांमध्ये दिवसभर ठरलेल्या अंतराने छोटी मेमू मागा. नवीन रूळ नको, जमीन नको. मालगाड्यांमध्ये जागा काढणं हे अवघड काम आहे, ते मी जवळून पाहिलं आहे. पण हजार कोटी उभे करण्यापेक्षा सोपं. मग लाइट रेल लागेल ती फक्त विद्यापीठ ते एमआयडीसी, शहराच्या अंगातली. रूळ टाकायचं अंतर बरंच कमी होतं.

अपडाऊनवाली

काका, हे पटलं. फक्त मेमूची शेवटची गाडी रात्रपाळी सुटल्यानंतरची असू द्या.

चेंबूर_ते_चाळीसगाव

मेमूला माझा पाठिंबा. शहरातल्या भागाबद्दल मत बदललेलं नाही. सिडनीचं उदाहरण कोणी देईलच, म्हणून मीच देतो: तिथे १९८८ची मोनो २०१३ मध्ये पाडली आणि लाइट रेल वाढवली. पण ती मोनो साडेतीन किलोमीटरचा, एकाच दिशेने फिरणारा वेढा होती. तिच्यावरून सगळ्या मोनोचा निकाल लावू नये. नवी पेठेतून जमिनीवरचा रूळ नेऊन दाखवा, मी लगेच तुमच्याकडे येतो.

गिरणाकाठ

नवी पेठेतून नेऊच नये, चेंबूर भाऊ. रूळ महामार्गावर ठेवायचा आणि तिथून टॉवर चौकाकडे, स्टेशनकडे लहान विजेच्या बसा सोडायच्या. बाजारपेठेत माणसांनी चालावं.

हिशेबवहींचं गणित मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. दर दोन मिनिटाला भरलेली बस, ही पायरी आधी गाठायला हवी. त्यामुळे क्रम असा असावा: महामार्गाच्या मधोमध सात-आठ मीटरचा पट्टा आजच आखून राखून ठेवायचा. त्या पट्ट्यात आधी बस चालवायची, कठड्याने वेगळी केलेली. बस भरून वाहू लागली की त्याच पट्ट्यात रूळ. पट्टा राखला नाही तर दहा वर्षांनी मोनोशिवाय पर्याय उरणार नाही, कारण खाली जागाच नसेल. मोनोचं सगळं समर्थन "खाली जागा नाही" यावर उभं आहे, आणि आपल्याकडे ती जागा आज आहे.

विकास आराखड्याला हरकती-सूचना देण्याचा हक्क १९६६च्या नगररचना कायद्याने आपल्याला दिला आहे. मी पट्ट्याच्या आरक्षणाचा मसुदा लिहायला घेतो. बांभोरी_बॅच, तुमच्या मित्रांना घेऊन अजिंठा चौफुली आणि आकाशवाणी चौकात सकाळी आठ ते दहा मोजणी करता येईल का? रिक्षा, त्यातली माणसं, दुचाक्या, बसा, चारही बाजूंनी.

बांभोरी_बॅच

येईल. परीक्षा संपल्या की लगेच. अभियांत्रिकीची मुलंही येतील, त्यांना प्रकल्पाला विषय हवाच आहे. पण नुसती सकाळ पुरणार नाही, एमआयडीसीची पाळी सुटते तेव्हाही मोजावं लागेल.

पांझराथडी

देवपूरच्या पुलावर आम्ही मोजतो. तक्ता कसा करायचा तेवढं इथे टाका, म्हणजे दोन्ही गावांचे आकडे एकाच मापाचे राहतील.

हिशेबवही

तक्ता आज रात्री टाकतो. दर पंधरा मिनिटांचा वेगळा रकाना ठेवा, आणि रिक्षा मोजताना आतली माणसं मोजायला विसरू नका.